अवघडलेपण त्यांच्याशीच बोलावे
पहिल्याच भेटीत सूर जुळला नाही तर थेरपिस्ट बदलावा का, या प्रश्नावर माझे मत असे की, अपमान किंवा गोपनीयतेचा भंग झाला नसेल तर दोन-तीन भेटी द्याव्यात आणि आपले अवघडलेपण त्यांच्याशीच बोलावे. ते कसे ऐकून घेतात, यावरूनच पुष्कळ कळते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असल्यास भारतीय पुनर्वास परिषदेची (त्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी संस्थेची) नोंदणी मात्र आधीच विचारावी. नागपूरच्या धरमपेठेतील एका निष्णात थेरपिस्ट बाईंकडे जाणे मी थांबवले, कारण घरची भांडणे मला वऱ्हाडीतच सांगता येतात आणि त्या प्रत्येक वाक्य इंग्रजीत वळवत. (फीसुद्धा जड होती, हे खरेच.) दुसरे कुणी मिळेपर्यंत १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर (सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर) मराठीतून विनामूल्य बोलता येते.