कोरोना लसीची भीती आता बाळाच्या लसीवर निघतेय, घरच्यांना कसं समजवू?

चोपडेकर:
नमस्कार मंडळी. भाच्याला नऊ महिने पूर्ण झाले, गोवर-रुबेलाची लस द्यायचीय पण बहिणीच्या सासरी सगळे अडून बसलेत. कारण काय तर कोरोनाची लस. गावात कोणी तरुण पोरगा अटॅकने गेला की ओट्यावर पहिला प्रश्न, त्याने लस घेतली होती का? आता जवळजवळ सगळ्यांनीच घेतलेली, मग उत्तर 'हो'च येणार आणि संशय अजून पक्का. 2021 ला व्हॉट्सअॅपवर फिरत होतं की लस घेणारा दोन वर्षांत मरतो, ती दोन वर्षं कधीच उलटली तरी भीती आहे तशीच. आजेसासूचं तेव्हापासून एकच, "माले काय व्हयनं शे, मी कसाले सुई टोची लेऊ?" आता तेच बाळाबद्दल. भांडण नकोय, बहिणीला त्याच घरात राहायचंय. काय करू?

सातपुड्याची आशा:
भाऊ, मी धडगावकडे आशा आहे. कोरोनात आम्हाला येताना बघून लोक डोंगरात निघून जायचे. कोविशिल्डच्या एका बाटलीत 10 डोस, फोडली की 4 तासांत संपवायची, म्हणून शाळेच्या ओसरीत लसीचा डबा घेऊन माणसं जमायची वाट बघत बसायचो, पाच-सहाच आले की सिस्टर म्हणायच्या थांबा अजून येऊ द्या, तेवढ्यात आलेले पण कंटाळून उठून जायचे आणि पाड्यावर सांगायचे की लसच नाहीये. पुढे कारभाऱ्याने सगळ्यांसमोर टोचून घेतली, दुसऱ्या दिवशी तो शेतात दिसला, मग बाया यायला लागल्या. आमच्या पावरी बोलीत सांगितलं तेव्हा लोकांनी ऐकलं, माईकवरून सांगून कोणी ऐकलं नाही. दिवाळीनंतर निम्मा पाडा ऊसतोडीला गुजरातमध्ये, दुसरा डोस राहिला तो त्यामुळे पण, सगळेच काही घाबरून नव्हते. तुम्ही एवढं बघा की आजेसासू कोणाचं ऐकतात, त्या माणसाला पुढे करा. आणि तापाचं आधीच सांगा, गोवरच्या लसीचा ताप आठ-दहा दिवसांनी पण येतो, सांगितलं नाही तर म्हणतील फसवलं.

केळीवाला रावेर:
मी लसीच्या विरोधात नाही, घरात सगळ्यांनी घेतलीय. पण आमचे एक पाहुणे डोसनंतर महिन्याच्या आत गेले. लसीनेच गेले असं मी म्हणत नाही, पण आम्ही विचारायला गेलो तर संबंध नाही एवढं बोलून वाटेला लावलं, कागद नाही, तपासणी नाही, वर अडाणी ठरवलं. 2024 ला कोविशिल्डची मूळ कंपनी अॅस्ट्राझेनेका, तिनेच इंग्लंडच्या कोर्टात मान्य केलं ना की क्वचित कधी रक्ताच्या गाठी होऊ शकतात? मग विचारणाऱ्याचं काय चुकलं भो?

धुळेकर फार्मासिस्ट:
दादा, तुमचं विचारणं रास्तच होतं. लसीनंतर काही गंभीर झालं तर नोंद करून जिल्ह्याच्या समितीने तपासायचं असतं, ते तुमच्या वाट्याला आलं नाही हे वाईटच झालं. गाठींचा तो त्रास खरा आहे पण फार दुर्मिळ, आणि होतो तो डोसनंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत, तीन-चार वर्षांनी नाही. तरुणांच्या अचानक मृत्यूंवर आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने, 47 हॉस्पिटलांमधून 18 ते 45 वयाचा अभ्यास केला, 2023 ला छापून आला. लसीने धोका वाढलेला दिसला नाही. वाढलेला दिसला तो कोविडने अॅडमिट झालेल्यांत, घरात आधी असा मृत्यू झालेल्यांत, आणि जाण्याआधीच्या दोन दिवसांत भरपूर दारू किंवा खूप दमणूक झालेल्यांत.
@चोपडेकर, गोवरची लस आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात 1985 पासून आहे, बहिणीने स्वतः पण लहानपणी घेतली असेल. 2022 च्या शेवटी मालेगावात गोवरची साथ होती, धुळ्यापासून तासाभराचा रस्ता. उशीर करू नका.

चोपडेकर:
सगळ्यांचे आभार. आजेसासूच्या माहेरकडची एक आत्या रिटायर नर्स आहे, घरात तिचा शब्द चालतो, आजच फोन लावतो. उपकेंद्रात बुधवारी लसीकरण असतं, तोवर आत्या येऊन बसली तर बरं. आठ-दहा दिवसांच्या तापाचं आम्हाला कोणी बोललंच नव्हतं, ते तिच्याच तोंडून सांगायला लावतो.