वर्गीकृत वारंवारता सारणी: वर्ग असमान ठेवले तर चालतील का?

माझ्याकडे एका कामाला लागलेल्या वेळेच्या 80 नोंदी आहेत, मिनिटांत, एक दशांश स्थळापर्यंत. सर्वांत लहान 12.4, सर्वांत मोठी 97.8. नोंदींच्या संख्येवरून किती वर्ग करावेत ते सुचवणाऱ्या स्टर्जेसच्या सूत्राने साधारण 7-8 वर्ग येतात, म्हणून वर्गांतर 10 धरून 10-20 पासून 90-100 पर्यंत सारणी केली. वारंवारता अशी आली: 31, 27, 11, 4, 3, 0, 2, 0, 2.

अडचण उघड आहे. 58 नोंदी पहिल्या दोनच वर्गांत कोंबल्या गेल्यात आणि शेपूट रिकामं पडलंय. वर्गांतर 5 घेतलं तर सुरुवात छान उलगडते, पण वर्ग होतात 18 आणि शेवटी शून्यांची रांग.

शेवटचा वर्ग '40 किंवा जास्त' असा उघडा ठेवून पाहिला. मग त्याचा वर्गमध्यच (वर्गाच्या दोन मर्यादांच्या बरोबर मधली किंमत) मिळत नाही, आणि मला मध्य (सरासरी) सारणीवरूनच काढून दाखवायचा आहे. (मूळ नोंदींवरून थेट काढता येतो, ठाऊक आहे. पण अहवालात फक्त सारणी आणि आयतालेख जाणार.) मोठ्या नोंदी पडताळल्या आहेत, त्या वगळायच्या नाहीत. पद्धत असमावेशक आहे, 20.0 ही नोंद 20-30 मध्येच धरली आहे. एक्सेलचं फ्रीक्वेन्सी फंक्शन ती खालच्या वर्गात टाकतं, म्हणून तिथे मर्यादा 19.9, 29.9 अशा दिल्या.

आता विचार असा आहे: 40 पर्यंत वर्गांतर 5, पुढे 40-60 आणि 60-100. आयतालेखात उंची वारंवारता भागिले वर्गांतर अशी घेईन. पण 60-100 चा वर्गमध्य 80 धरून काढलेला मध्य कितपत विश्वासाचा? आणि हा शेवटचा वर्ग नेमका कुठे तोडावा, याचा काही ठोस निकष आहे का?