मागच्या बाकावरच्या आमदाराने तुमचा प्रश्न मांडला, तेव्हा...

अधिवेशन लागलं की बातम्या पुढच्या बाकांच्याच. आपल्या सातारा-सांगलीच्या मागच्या बाकावरच्या कुणी तुमचं गाऱ्हाणं सभागृहात नेलं असेल, तर सांगा. सुरुवात मी करतो.

विट्याजवळ आमची जमीन पोटकालव्यात गेली. मोबदल्यासाठी वडिलांनी सहा वर्षं हेलपाटे घातले. आमदार पहिल्यांदाच निवडून आलेले, त्यांनी तारांकित प्रश्न टाकला, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा. त्या दिवशी प्रश्नोत्तराचा तास संपला, आमचा नंबर लागलाच नाही. मला फार वाईट वाटलं. पण छापील उत्तर आलं : ‘हे अंशतः खरे आहे.’ तो कागद टेबलावर ठेवला आणि ‘फाइल सापडत नाही’ म्हणणारा कारकून उठून कपाटाकडे गेला. चार महिन्यांत पैसे जमा झाले.

तासगाव : मी एका आमदारांचे प्रश्न लिहून द्यायचो. एकाच अधिवेशनात गारपिटीचे द्राक्षबागांचे पंचनामे, शाळेच्या गळक्या खोल्या, बंद झालेली मुक्कामी एसटी, वर एक कपात सूचना, म्हणजे खात्याच्या खर्चात कपात सुचवून गाऱ्हाणं मांडायचं. लोक म्हणायचे, साहेबांचा एक विषय नाही. अहो, मतदारसंघाचा तरी कुठे एक असतो? रात्री अकराला फोन यायचा, ‘गुरुजी, आकडा परत तपासा.’ चुकीच्या आकड्यावर मंत्री सुटतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आटपाडी : आमचे नव्हेत, शेजारच्या सांगोल्याचे गणपतराव देशमुख. अकरा वेळा निवडून आले, बहुतेक काळ विरोधात. टेंभू उपसा सिंचन योजनेच्या पाण्यावर ते बोलायला उठले की आमच्या दुष्काळी तालुक्यालाही आपलंच कुणी बोलतंय असं वाटायचं.

वाळवा : आजोबा क्रांतिसिंह नाना पाटलांचं सांगायचे. 1957 ला साताऱ्यातून लोकसभेत गेले आणि तिथेही मराठीतच बोलले. आजोबांना त्याचा केवढा अभिमान!

पाटण : आम्ही कोयनेचे धरणग्रस्त. पुनर्वसनाच्या चर्चेत आमच्या आमदारांना शेवटी वेळ मिळाली, सभागृह जवळपास रिकामं. मी प्रेक्षक गॅलरीत होतो. घंटा वाजली, तरी त्यांनी हातातल्या चिठ्ठीवरून राहिलेल्या गावांची नावं भराभर वाचली. आमचं शेवटून दुसरं. सातबारा अजून झालेला नाही. त्या दिवसाच्या कामकाजाची प्रत मात्र आईने रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे.