मदत हवी आहे : पितळी चक्रांच्या पेंडंटसाठी

नमस्कार मंडळी, मी सांगलीची. बंद पडलेल्या चावीच्या घड्याळांची चक्रं आणि तांब्याची तार वापरून स्टीमपंक धाटणीची पेंडंट करते. व्हिक्टोरियन काळातल्या वाफेच्या यंत्रांसारखं दाते, रिव्हेट सगळं उघडं ठेवायचं, हेच मला त्यात आवडतं. पण नुसती चक्रं चिकटवली की झालं, असं नाही. निदान एका चक्राने दुसरं फिरवलं पाहिजे!

अडचण तिथेच आहे. झटपट चिकटणारा गोंद आसात उतरतो, चक्र जाम होतं आणि भोवती पांढरी साय धरते. इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायच्या गोंदाने) भागेल की डाग द्यावा, म्हणजे सोल्डर करावं? चक्र पितळी, पण आस पोलादी आहे, त्यावर डाग नीट धरेल का?

दुसरं, पितळ जुनं तपकिरी दिसायला हवंय. मीठ-व्हिनेगरने हिरवट झाक येते. (घरी आई चिंचेने घासून लख्ख करते, मी काळवंडवायला बसते.)

मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची पितळी तार छान मिळाली. तशी भंगार घड्याळांचे सुटे भाग देणारी कुणी माणसं सांगली-मिरजेत माहीत असतील तर कृपया सांगा. किलोवर घ्यायचीही तयारी आहे.