नदीत गळ टाकायची वेळ नेमकी कशी ठरवायची?

वाळूकाठ:
काठावरून गळाने मासेमारी करण्याबद्दल विचारतो आहे. पात्र साधारण ४० मीटर रुंद, दोन खोल डोह आणि त्यांच्या मधे गुडघाभर पाण्याचा खडकाळ खळाळ. वरच्या अंगाला धरण आहे. मासे मुख्यतः रोहू, कटला, कार्प आणि तळाशी शिंगाळा.

सगळीकडे एकच सल्ला मिळतो: पहाटे जा, नाहीतर सूर्य मावळताना जा. हा नियम बाराही महिने कसा लागू पडेल? पाऊस पडून गेल्यावर किती दिवस थांबायचं? आठवड्यातून अर्धाच दिवस मोकळा मिळत असेल तर तो कोणत्या खुणांवरून निवडायचा? "नशीब लागतं" सोडून काहीही सांगा.

डोहपाहणी:
घड्याळ सगळ्यात शेवटी बघायचं. आधी पाणी बघा, तेही या क्रमाने: पातळी, तापमान, गढूळपणा आणि मग उजेड. क्रम मुद्दाम सांगतो आहे. वरची गोष्ट बिघडलेली असेल तर खालची कितीही जुळून आली तरी उपयोग नाही. पाणी झपाट्याने चढत असताना उत्तम पहाटही वाया जाते.

पातळी ओळखायला पाण्याच्या कडेला एक काडी रोवा आणि दर १५ मिनिटांनी बघा. पाणी नुकतंच चढायला लागतं तेव्हा काठावरची गांडुळं, किडे, बिया पात्रात येतात आणि मासे तुटून पडतात, पण हा काळ फार थोडा असतो. पुढे प्रवाह वाढतो, काटक्या आणि पालापाचोळा तंगुसाला (गळाच्या दोरीला) अडकून शिसं (दोरीचं वजन) जागेवरून ओढून नेतो, आणि मासे मुख्य धार सोडून झाडांच्या मुळांमागे, ओढ्यांच्या तोंडाशी, काठालगतच्या उलट्या प्रवाहात सरकतात. पूर भरात असताना जाऊच नका.

खरी वेळ पाणी ओसरताना येते. वाहून आलेलं खाद्य तळाला बसायला लागतं आणि मासे धारेच्या कडेला परततात. पाण्याचा मातकट तांबूस रंग जाऊन हिरवट झाक दिसू लागली की समजायचं. याला दिवसांचा आकडा लावता येत नाही. लहान पाणलोटाची नदी एका दिवसात निवळते, मोठीला आठवडाही लागतो. म्हणून पाऊस कधी थांबला हे मोजण्यापेक्षा पाणी कुठवर उतरलं ते मोजा.

आता तापमान. माशाचं पचन पाण्याच्या तापमानावर चालतं. पाणी गार असेल तर एकदा खाल्लेलं बराच वेळ पुरतं, त्यामुळे पुन्हा तोंड उघडायची घाई नसते. रोहू-कटला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसला भरपूर खातात आणि पाणी २० च्या खाली गेलं की मंदावतात. कॉमन कार्प त्याहून गार पाण्यातही खातो, पण १० च्या खाली तोही जवळजवळ थांबतो. थंड पाण्यातल्या ट्राउटचं गणित वेगळं: १० ते १६ अंश चांगले, २० च्या वर त्याला त्रास देऊ नये, कारण सोडून दिला तरी तो मरण्याचा धोका वाढतो.

थर्मामीटर दोरीला बांधून सावलीतल्या पाण्यात ३० सेंमी खाली दोन मिनिटं धरा. नुसत्या आकड्यापेक्षा कालच्या आणि आजच्या आकड्यातला फरक जास्त बोलतो. एका रात्रीत पाणी ३ अंशांनी उतरलं असेल तर आकडा पट्ट्यात असूनही मासे गप्प असतात. गारठ्यात दोन-तीन दिवस हळूहळू चढत असेल तर नक्की जा.

यावरून वेळ आपोआप ठरते. थंडीत पहाटे उठून काही मिळत नाही. पाणी हवेपेक्षा सावकाश तापतं, म्हणून दुपारी १२ ते ४, आणि तेही ऊन पडणाऱ्या काठाच्या बाजूला. उन्हाळ्यात सकाळ, संध्याकाळ आणि रात्र. ढगाळ, उबदार, वारा मंद असलेल्या दिवशी दिवसभर बसलात तरी चालेल.

प्राणवायू:
वरच्या प्रतिसादातल्या एका वाक्याला माझी हरकत आहे: "उन्हाळ्यात सकाळ". खळाळावर ते बरोबर आहे. शेवाळ-पाणवनस्पतींनी भरलेल्या संथ डोहात ती दिवसातली सगळ्यात वाईट वेळ असू शकते.

गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्रसपाटीला, पूर्ण संपृक्त पाण्यात १० अंशांना लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम, २० ला ९.१ आणि ३० ला ७.६. त्यातच वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात आणि रात्रभर फक्त वापरतात. त्यामुळे संथ डोहात प्राणवायूचा नीचांक सूर्योदयाच्या जरा आधी येतो आणि ऊन पडल्यावर एक-दोन तासांनी भरून यायला लागतो. डोहातला मासा पहाटे सुस्त असतो तो याच कारणाने, आणि माणूस उगाच आमिष बदलत बसतो.

खूण सोपी आहे. खाणारा मासा पाण्यावर येऊन गोल वलय उठवतो आणि खाली जातो. गुदमरलेले मासे घोळक्याने पृष्ठभागाला तोंड लावून उघडझाप करत राहतात, सावली पडली तरी खाली जात नाहीत. असं दिसलं तर गळ बाहेर काढा, त्या पाण्यात त्या दिवशी मासेमारी करू नये.

म्हणून तुमच्या जागेवर उन्हाळ्यात पहाटे थेट खळाळाच्या शेपटाशी बसा, जिथे फेसाळलेलं पाणी डोहात उतरतं. दगडांवर आपटून तिथे हवा मिसळलेली असते आणि खाद्यही तिथूनच खाली येतं. आठ-साडेआठनंतर डोहाच्या कडेला सरका. डोहासाठी संध्याकाळ पहाटेपेक्षा चांगली, कारण दिवसभरचा प्राणवायू तेव्हा पाण्यात साठलेला असतो. शिंगाळा मात्र अंधार पडायला लागल्यावरच नीट खायला निघतो, त्यासाठी पहिले दोन-तीन तास राखून ठेवा.

वाळूकाठ:
डोह आणि खळाळ यांना वेगवेगळी वेळ लावायची हे कुठे वाचलंच नव्हतं. आभारी आहे. दोन प्रश्न राहिले. गढूळपणा नजरेने सांगायचा की मोजायचा? आणि हवेचा दाब, चंद्राची तिथी यांचं कितपत मानायचं?

भोवरा:
मोजायचाच. काठावरून नजर फसवते, ढगाळ हवेत नितळ पाणीही गढूळ वाटतं. साधारण २० सेंमी व्यासाचं पांढरं झाकण घ्या, मधोमध भोक पाडून दोरी ओवा, खाली शिसं बांधा, दोरीला दर १० सेंमीवर खूण करा. सावलीतून सरळ खाली सोडा आणि झाकण दिसेनासं होतं तिथला आकडा बघा.

१५ सेंमीच्या आत दिसेनासं झालं तर मासा नजरेने आमिष शोधू शकत नाही. अशा वेळी वासाचं आणि मोठं आमिष, दोन-तीन गांडुळांचा गुच्छ, काठापासून दोन-तीन मीटरच्या आतच ठेवा आणि हलवू नका. ३० ते ६० सेंमी हा सोन्यासारखा पट्टा. माशाला आमिष दिसतं, तुम्ही आणि तंगूस फारसे दिसत नाही. ०.२८ ते ०.३० मिमीचा तंगूस चालतो आणि मोठा मासाही भर दिवसा काठाजवळ येतो. १ मीटरच्या पुढे नितळ असेल तर तंगूस ०.१८ ते ०.२० वर आणा, आमिष लहान करा, काठावर उभे राहू नका, आणि वेळ कमी उजेडाचीच निवडा. पहाट-संध्याकाळचा नियम खरा लागू पडतो तो अशा नितळ पाण्याला.

दाबाबद्दल लोक फार ठामपणे बोलतात, पण हिशेब करून बघा. पाण्यात १० सेंमी खाली गेलं की दाब सुमारे १० मिलिबारने वाढतो. वादळी हवेत वातावरणाचा दाब १०-१५ मिलिबारने पडतो, म्हणजे मासा १०-१५ सेंमी वर आला तर त्याच्या वाताशयाला (पोटातल्या हवेच्या पिशवीला) जेवढा फरक जाणवेल तेवढाच. डोहात तो दिवसभरात याच्या कितीतरी पट वर-खाली करतो. दाब पडत असताना मासे खातात ते माझ्या मते ढग, वारा आणि पावसाआधीचा उबारा यांमुळे. दाब चढल्यावर बंद होतात कारण त्याच्याबरोबर निरभ्र आकाश, कडक उजेड आणि गार रात्र येते. म्हणजे दाब हा इशारा म्हणून वापरा, त्याला कारण समजू नका.

चंद्राच्या स्थितीवरून मासे खायच्या वेळा सांगणारं कोष्टक अमेरिकेच्या जॉन ॲल्डन नाइट यांनी १९२६ साली मांडलेल्या सिद्धांतावरून आलं. समुद्रापासून दूरच्या नदीत भरती-ओहोटी नसते, त्यामुळे मी त्याला पातळी-तापमानाच्या ओळीत बसवत नाही. बाकी सगळं सारखं असलेल्या दोन दिवसांतून एक निवडायचा असेल तर खुशाल बघा.

रुंद संथ पात्रात वाऱ्याकडे मात्र जरूर लक्ष द्या. वारा ज्या काठावर येऊन आदळतो तिकडे पृष्ठभागावरचे किडे, बिया गोळा होतात आणि लाटांमुळे उजेडही आत कमी शिरतो. तोंडावर वारा घेऊन बसणं त्रासाचं असतं, पण मासे त्याच बाजूला असतात.

कडेकपारी:
वर धरण आहे हे सगळ्यांनी वाचलं पण त्यावर कुणी बोललं नाही. धरणाखालच्या नदीत पावसाचा अंदाज पुरत नाही, विसर्गाचं वेळापत्रक हवं. पाणी निरभ्र दिवशीही चढतं. शिवाय दरवाजे तळाशी असतील तर उन्हाळ्यात जलाशयाच्या तळाचं गार, प्राणवायू कमी असलेलं पाणी सुटतं. नदी भरलेली दिसते, मासे मात्र खात नाहीत. विसर्ग सुरू होताना थर्मामीटर अचानक ४-५ अंश उतरलेलं दाखवत असेल तर तुमचं उत्तर तिथेच मिळालं. अशा वेळी खाली खळाळ संपतो तिथे जा, तोवर पाण्यात हवा मिसळलेली असते. विसर्ग रोज ठरलेल्या वेळी होत असेल तर तो बंद होऊन पाणी उतरायला लागतं तो तास-दीड तास पकडा.

डोहपाहणींनी सांगितलेली काडी इथे जिवाच्या रक्षणासाठीही आहे. ती १५ मिनिटांत ५ सेंमी बुडाली किंवा वाहत्या पाण्यात अचानक पालापाचोळा वाढला तर सामान सोडून वर चढा. पात्रातल्या खडकावर, बेटावर बसूच नका. परतीची वाट आधी बुडते.

वीज कडाडत असेल तर कार्बनचा रॉड खाली ठेवा. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी अंतर असेल तर काठ सोडायचा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परतायचं नाही.

आणखी एक. पहिल्या जोरदार पावसानंतर मासे खळाळातून झुंडीने वर चढताना दिसतात. ते अंडी घालायला निघालेले असतात. पकडायला सोपे असतात म्हणूनच त्यांना हात लावू नये. बहुतेक ठिकाणी त्या काळात बंदीही असते, तारखा आधी तपासा.

वाळूकाठ:
एक उदाहरण घेतो. बुधवारी जोराचा पाऊस, गुरुवारी पूर, शुक्रवारी पाणी उतरायला लागलं. शनिवारी सकाळ किंवा संध्याकाळ, रविवारी सकाळ, यांतली एकच वेळ मिळणार आहे. दिवस उबदार, शनिवारी रात्री आकाश निरभ्र होऊन गारवा येणार असा अंदाज आहे.

डोहपाहणी:
शनिवारची संध्याकाळ. सकाळी पाणी अजून जास्त गढूळ असेल आणि आदल्या रात्रीचं गार. संध्याकाळपर्यंत ते आणखी निवळतं, दिवसभर तापतं आणि उतरणं चालूच असतं. रविवारी पाणी जास्त नितळ असेल, पण निरभ्र रात्रीने ते गार केलेलं असेल, म्हणून तो दुसरा पर्याय.

चारला पोहोचा. काडी रोवा, तापमान घ्या, झाकण सोडा. एक पान पाण्यात टाकून १० मीटर जायला किती सेकंद लागतात ते बघा. २० सेकंद म्हणजे पृष्ठभागाला सेकंदाला अर्धा मीटर, तळाशी त्याहून कमी. तिथे ३० ग्रॅमचं शिसं बहुधा टिकतं. पान १० सेकंदांत गेलं तर ती धार सोडा, नुसतं वजन वाढवून मासा येत नाही, तोही त्या धारेत थांबत नसतो.

झाकण २० सेंमीच्या आसपास नाहीसं झालं तर वरच्या डोहाच्या काठालगतच्या उलट्या प्रवाहात गांडूळ टाका. ३० च्या वर गेलं तर खळाळाच्या शेपटाशी, वेगवान आणि संथ पाणी एकमेकांना लागतं त्या रेषेवर, आमिष संथ बाजूला राहील असं. तासाभरात काहीच हललं नाही तर आमिष बदलण्याआधी जागा बदला, आणि अंधार पडायच्या अर्धा तास आधी एक रॉड शिंगाळ्यासाठी डोहाच्या तळाशी लावून ठेवा. पाणी पुन्हा चढतंय असं काडीवर दिसलं तर हे सगळं रद्द, रविवारी सकाळी उशिरा, दहाच्या पुढे जा.