गायकाने बँड सोडला की लगेच गद्दार?

खर्जातला_सा

परवा मित्राकडे जेनेसिस या इंग्लिश रॉक बँडच्या जुन्या रेकॉर्डी ऐकत बसलो होतो. विषय त्यांच्या गायकावर, पीटर गॅब्रिएलवर गेला. त्याने १९७५ साली बँड सोडला आणि एकट्याने गायला लागला. "दगा दिला लेकाने," मित्र म्हणाला. इतक्या तळमळीने, की जणू याच्याच हिश्शाची जमीन विकली कोणी!

मला हे अजिबात पटत नाही. १९७४ च्या उन्हाळ्यात 'द लँब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे' हा दुहेरी अल्बम चालू असताना त्याला पहिली मुलगी झाली. बाळ हाती लागतं की नाही अशी अवस्था. इकडे लंडनचं इस्पितळ, तिकडे वेल्समधलं रेकॉर्डिंग, आणि बँडवाल्यांची तोंडं वाकडी, का तर कामाचा खोळंबा होतोय. आपण तेव्हा त्याच्या पाठीशी उभे राहिलो नाही, हे बँडमधल्याच माईक रदरफर्डने नंतर कबूलही केलंय. नोव्हेंबरात दौऱ्यावर, अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला गॅब्रिएलने सांगून टाकलं की मी जातोय. तरीही मे १९७५ पर्यंत सगळा दौरा निभावला. सहा महिन्यांचा नोटीस पीरियड! आमच्या ऑफिसात लोक जेवायला जातात ते परत येतच नाहीत.

ढोलताशा_४११०३०

नोटीस पीरियडचं कौतुक राहू द्या. बँड म्हणजे नोकरी नव्हे, भागीदारी आहे. डोक्यावर कर्ज असताना भागीदार उठून गेला तर त्याला काय म्हणतात, ते आमच्या पेठेतल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा.

आणि याच अल्बमचे शब्द सगळे मीच लिहिणार, हा हट्ट कोणाचा? गॅब्रिएलचा. मग अर्ध्यात सिनेमावाल्या विल्यम फ्रीडकिनचं बोलावणं आलं, तर स्वारी तिकडे निघाली. ते जमेना, तेव्हा परत. दौऱ्यात तो अल्बममधल्या स्लिपरमॅन या पात्राचा पोशाख घालायचा. अंगभर गळवं आल्यासारखे फुगे, त्यामुळे माईक तोंडापर्यंत पोचायचा नाही. मागे चौघं जीव तोडून वाजवतायत, आणि पेपरात फोटो या फुगेवाल्याचा. मुलीच्या आजारपणाबद्दल मी एक शब्द बोलणार नाही, तिथे बँडचंच चुकलं. पण बाकीचं?

खर्जातला_सा

बाकीचं काय? बँड बुडाला का? नव्या गायकासाठी ऑडिशनवर ऑडिशन घेतल्या, कोणी मनासारखा मिळेना, शेवटी ड्रमर फिल कॉलिन्सच गायला उभा राहिला. १९७६ चा 'अ ट्रिक ऑफ द टेल' ब्रिटनमध्ये तिसऱ्या नंबरापर्यंत गेला. गॅब्रिएल राहिला असता तर कॉलिन्स जन्मभर ड्रमच्या मागेच बसला असता.

बेसवाला_बाप्या

माझा अनुभव सांगतो. कॉलेजात आमचा बँड होता. स्पर्धा तीन आठवड्यांवर आलेली असताना गायक गेला. त्याचं मला दुःख नाही, गेला तर गेला. पण आमच्या एका गाण्यात अंतऱ्याच्या आधी बेसचा चार मात्रांचा तुकडा होता. हॉस्टेलच्या गच्चीवर, डासांत बसून मी तो बसवला होता. वर्षभराने तेच गाणं यूट्यूबवर, तुकड्यासकट, आणि खाली 'शब्द, संगीत, गायन' सगळीकडे एकच नाव.

त्यामुळे माझं माप वेगळं आहे. सोडून जाणारा सोबत काय घेऊन जातो ते बघायचं. गॅब्रिएलचा १९७७ चा पहिला अल्बम सगळा नव्या गाण्यांचा होता. माझ्याकडून त्याला माफी.

तिहाई

त्याच अल्बममधलं 'सॉल्सबरी हिल' बँड सोडण्यावरच आहे, पण मला त्यात वेगळीच गंमत वाटते. मांडीवर मोजून बघा, सात मात्रा येतात! ठेका रूपक तालाचा नाही, तबल्याच्या अंगाने ऐकायला जाऊ नका, पण आवर्तन सातचं. पहिल्यांदा ऐकताना मला पत्ताच लागला नाही, कारण खाली ड्रम सरळ पावलं टाकत चालतो आणि वर गिटार दरवेळी एक पाऊल आधी घरी पोचते. धृपदाच्या शेवटी चार-चारचं सरळ वजन येतं तेव्हा जरा हुश्श होतं. भांडणात व्यत्यय आणल्याबद्दल क्षमस्व. (त्याच्या पहिल्या चारही अल्बमचं नाव 'पीटर गॅब्रिएल'च आहे. दुकानदाराचे काय हाल झाले असतील!)

ढोलताशा_४११०३०

सातचं हिशोबाने सांगितलंत, आता रुपयांचा हिशोब सांगतो. १९८२ साली गॅब्रिएलच्या वोमॅड या संगीत महोत्सवात जबर खोट आली. घेणेकरी दारात. धावून कोण आलं? तीच जुनी मंडळी! त्या ऑक्टोबरात इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला भर पावसात एकत्र कार्यक्रम केला आणि पैसा उभा करून दिला. एकट्याच्या वाटेवर उधारी झाली की भाऊबंद आठवतात.

खर्जातला_सा

अहो, हा तर माझाच मुद्दा झाला. गद्दारासाठी कोणी पावसात भिजत नाही. त्या रात्री गॅब्रिएल स्टेजवर आला कसा, माहितीये? शवपेटीतून! चौघांनी उचलून आणला. आणि ते वोमॅड टिकलं म्हणून १९८५ ला नुसरत फतेह अली खाँ तिथे गायले, पुढे गॅब्रिएलच्याच रियल वर्ल्ड या रेकॉर्ड कंपनीकडून त्यांच्या रेकॉर्डी निघाल्या.

ढोलताशा_४११०३०

नुसरतना गॅब्रिएलने शोधून काढलं, असं कृपया म्हणू नका. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कव्वाली आहे. तुम्हा-आम्हाला उशिरा कळलं, एवढंच. पावसाचं मान्य.

बेसवाला_बाप्या

शवपेटीची आयडिया झकास. आमच्या गायकालाही परत यायचं असेल तर उचलून आणायला मी खांदा देतो. फक्त येताना त्याने माझा अँप्लिफायर घेऊन यावा.