शिक्षा झालीच की

बायबलमधल्या याकोबाने आंधळ्या बापाला, इसहाकाला फसवलं आणि थोरल्या भावाचा, एसावाचा आशीर्वादही मिळवला, त्याला शिक्षा कुठे झाली, असं एकाने विचारलंय. मला हे पटत नाही. बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचा २७ वा अध्याय वाचून तिथेच थांबलं की तसं वाटतं खरं.

एसाव केसाळ होता, म्हणून आईने, रिबकेने याकोबाच्या हातांना आणि मानेला करडांची कातडी गुंडाळली, अंगावर एसावाचे कपडे चढवले. म्हातारा इसहाक चाचपून म्हणतो, आवाज याकोबाचा, पण हात एसावाचे. पुढे ३७ व्या अध्यायात याकोबाचेच मुलगे आपल्या भावाला, योसेफाला विकतात आणि तो मेला असं भासवायला त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापाकडे आणतात आणि विचारतात, ओळखा, तुमच्या मुलाचाच ना? तेच जनावर, तसेच कपडे, फक्त आता फसणारा बाप याकोब! मधे मामा लाबानाने धाकटी मुलगी राहेल देतो सांगून थोरली लेआ गळ्यात बांधली, ती फसवणूक वेगळीच.

मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते रिबकेचं. शाप लागला तर मला लागो, असं तीच म्हणाली होती. थोडे दिवस मामाकडे जा म्हणून तिने लेकाला पाठवलं, तो वीस वर्षं तिकडेच राहिला. माय-लेकाची पुन्हा भेट झाल्याचा उल्लेखच नाही. तिच्या दाईच्या, दबोराच्या मरणाची नोंद आहे, रिबकेच्या नाही.